लेबरचे वाचलेले साठ हजार नक्की कुठं ठेवलेत?

नमस्कार भाऊ,

तुमचा मेल दोनदा वाचला, एकदा पैशांच्या हिशोबासाठी आणि एकदा निव्वळ गाडीसाठी, आणि दुसऱ्या वेळी मलाच थोडी भुरळ पडली होती हे कबूल करतो. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. भाऊंकडे २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, सेकंड हँड घेतलेली, पिवळी. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, ही २००४ मधे आपल्याकडे आली तेव्हा १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० बीएचपी म्हणजे काय होतं ते त्या वेळच्या कॉलेजच्या पोरांना विचारा. आता गाडीला बरंच काम निघालंय. गॅरेजनं १ लाख ३५ हजार सांगितले, भाऊ म्हणतात पार्ट मी आणतो, काम मी घरीच करतो, ७५ हजारात होते. म्हणजे ६० हजार वाचले. मग हे साठ आणि वरून दोन लाखाचं पर्सनल लोन, असे २ लाख ६० हजार घालून मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा), इंजेक्टर, इंटरकूलर, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आणि रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घेतो, कसं वाटते?

घरचं गणित असं आहे. नागपूरच्या मिहानमधे आयटीत नोकरी, हातात ९२ हजार, वहिनी शाळेत शिकवतात त्यांचे २८. बेसा भागात फ्लॅट, हप्ता साडेएकतीस. मुलगी पाच वर्षांची. हप्त्यासकट महिन्याचा खर्च ८५ हजार, बँकेत अडीअडचणीला १ लाख ७० हजार, आणि आता बोनस येतोय १ लाख ८० चा. टर्म इन्शुरन्स नाही. मेडिक्लेम फक्त कंपनीचा. घरात दुसरी चारचाकी नाही.

तर आधी त्या साठ हजाराबद्दलच बोलू, कारण सगळी गडबड तिथंच आहे राजेहो.

गॅरेजनं १ लाख ३५ हजार सांगितले आणि तुमचे ७५ जाणार, म्हणून ६० वाचले. बरं. पण हे साठ कोणत्या खात्यात जमा झाले? तुम्ही गॅरेजला ते देणार होते का, म्हणजे त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते का? नाही ना. ते तुम्ही बोनसमधूनच काढणार आहे. मेलच्या शेवटी तुम्हीच सहज लिहिलंय की टूल्ससाठी ३० हजार लागतील, टॉर्क रेंच, सॉकेट सेट, जॅक स्टँड, स्कॅनर वगैरे, तेही बोनसमधून. मग मांडा आता: ७५ पार्ट, ३० टूल्स, ६० टर्बोत, झाले १ लाख ६५ हजार. बोनसमधले उरले पंधरा. आणि टूल्स धरले तर वाचले फक्त तीस, साठ नाहीच. म्हणजे जे पैसे वाचले म्हणून तुम्ही खर्च करताय ते अर्धे वाचलेलेच नाहीत आणि उरलेले अर्धे हातात आलेले नाहीत. आमच्या आईचं असंच असायचं, सीताबर्डीत साडीत पाचशे सुटले म्हणून त्याच पाचशेच्या दोन पिशव्या भांडी घेऊन यायची आणि बाबांना सांगायची की काहीच खर्च नाही झाला.

आता लोन. १३ टक्क्यानं दोन लाख तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो साधारण ६,७४० आणि व्याज जाते ४२,६०० च्या आसपास. हेच ६,७४० दर महिन्याला आरडीत टाकले आणि साडेसहा टक्के धरले तर तीन वर्षांनी २ लाख ६८ हजाराच्या जवळपास होतात, तुमचा अख्खा टर्बो रोखीत निघतो. मी टर्बो करूच नका असं म्हणत नाही, फक्त लोनवर नको, कारण बँकेत तुमचे दोन महिने पुरतील एवढेच पैसे आहेत आणि आयटीचा भरवसा सध्या किती आहे हे मी तुम्हाला काय सांगू.

पण घरी काम करायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, हे मनापासून. कॉइल, प्लग, एअर मास सेन्सर साफ करणं, भेगाळलेले व्हॅक्यूम होज बदलणं, ऑइल, ब्रेक पॅड, हे सगळं करा. वीस वर्षांच्या टर्बो गाडीत निम्मे दुखणे त्या होजमधेच असतात, रबर कडक होते, बारीक चिर पडते, बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) तिथून निघून जातो आणि माणूस म्हणतो टर्बो गेला. दोनशे रुपयाच्या पाइपसाठी लोक टर्बो बदलतात. आता तर पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय तर पेट्रोलचे जुने होज आणि सीलही एकदा बघूनच घ्या. घाट रोडला होज, क्लिप, फिल्टर असं किरकोळ सामान मिळून जाईल, खास पार्ट मात्र बाहेरून मागवावे लागतील, त्याचं कुरियर आणि कस्टम ड्युटी तुमच्या ७५ हजारात धरलेली दिसत नाही.

टायमिंग बेल्टला मात्र हात लावू नका. तुमच्या इंजिनात एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, एकूण वीस, आणि बेल्ट एक-दोन दात चुकला किंवा तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो. तिथं लेबर वाचवायला जाल आणि अख्खं हेड उतरवावं लागेल. ते काम गॅरेजला द्या, वॉटर पंप आणि टेन्शनर सोबतच बदलायला सांगा आणि बिल घ्या.

मी स्वतः हे भोगलंय. माझ्याकडे जुनी हॅचबॅक होती, मे महिन्यातला रविवार, एक्झॉस्टचं गॅस्केट बदलायचं म्हणून सकाळी सातलाच बसलो होतो की ऊन चढायच्या आत होऊन जाईल. आठ नट होते. सात निघाले. आठव्याला थोडा जोर दिला तर कडक्कन आवाज आला, मला वाटलं सुटला, हात काढून पाहतो तर नटासकट अर्धा स्टड माझ्या पान्यात आणि अर्धा हेडमधे. अकरा वाजता पोरगं विचारायला आलं, बाबा पोहे थंडे झाले, तर्री गरम करू का. गाडी टो करून न्यावी लागली, तुटका स्टड काढायला आणि थ्रेड नवीन करायला जे गेले त्यात गॅस्केट चार वेळा बदललं असतं. म्हणून माझा नियम आहे, घरच्या कामाचं जे बजेट असेल त्याच्यावर तीस टक्के 'तुटलेल्या बोल्टचे' वेगळे ठेवायचे. तुमच्या ७५ वर साडेबावीस. नाही लागले तर उत्तम.

आता टर्बोकडे. तुमच्या मेलमधली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, की सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर थोडा निळा धूर येते आणि ऑइल जरा टाकावं लागते. भाऊ, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. व्हॉल्व्हचे सील असतील, पिस्टनच्या रिंग असतील, जुन्या टर्बोचं सील असेल, काहीही असू शकते. टर्बोचं असेल तर तुमचं नशीब चांगलं. पण रिंग गेल्या असतील तर मोठा टर्बो लावणं म्हणजे गळक्या टाकीवर मोठी मोटर बसवणं. आणि टर्बो एकटा येत नाही, जास्त हवा म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून इंजेक्टर, मग रिमॅप, मग गरम हवा थंड करायला इंटरकूलर, मग तो टॉर्क झेलायला क्लच. तुमच्या यादीत क्लच नाहीच. दीडशे घोड्यांचा वीस वर्षं जुना क्लच के-०४ सारख्या मोठ्या टर्बोसमोर किती दिवस टिकेल? त्यात आपलं नागपूर, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, आत जाणारी हवाच तापलेली, नॉकिंग (पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटणं) व्हायला लागलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच पॉवर कमी करून घेते. म्हणजे अडीच लाख घालून चार महिने स्टॉकच, म्हणजे कंपनीतून आली तशीच, चालवायची.

पैशाच्या दृष्टीनं अजून तीन गोष्टी आहेत ज्या तुम्ही धरल्याच नाहीत.

नोव्हेंबरमधे तुमच्या आरसीची मुदत संपतेय, गाडी वीस वर्षांची होईल, आणि वीस वर्षांपुढच्या कारच्या री-रजिस्ट्रेशनची फी २०२५ पासून १० हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही आणि कलम १८२ए मधे मालकाला एका बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. डाउनपाइपसोबत कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकली तर पीयूसीतही फसाल.

इन्शुरन्सचं म्हणाल तर १५०० सीसीच्या वरच्या कारला थर्ड पार्टीच ७,८९७ अधिक जीएसटी आहे, ते तुम्ही भरताच. पण कंपनीला न सांगता इंजिनात बदल केला आणि उद्या समृद्धी महामार्गावर काही झालं तर क्लेम अडकवायला त्यांना आयतंच कारण मिळते. आणि क्लेम मिळाला तरी दहा वर्षांपुढच्या गाडीला लोखंडी पार्टवर पन्नास टक्के घसारा कापतात. टर्बोचे २ लाख ६० त्यात कुठंच दिसणार नाहीत. विकायला काढाल तेव्हाही नाही, या गाडीचे शौकीन स्टॉक गाडी शोधतात, दुसऱ्यानं छेडलेली नाही.

तिसरं, घरात ही एकच गाडी. दोन महिने ती पार्किंगमधे जॅकवर उभी राहील तेव्हा मुलीला पावसात शाळेत कोण आणि कशानं सोडेल, वहिनींना विचारलंय का? मेलमधे त्यांचं मत कुठं दिसलं नाही म्हणून विचारतो.

माझ्या मते बोनस असा लावा. पहिले स्वतःच्या नावानं एक कोटीचा टर्म प्लॅन, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मग गाडीला ७५ पार्टचे, १५ टूल्सचे, टॉर्क रेंच आणि जॅक स्टँड चांगले घ्या, बाकी मित्राकडून आणा, स्कॅनर तर दिवसभरासाठी कोणीही देते. बोल्टचे साडेबावीस बाजूला. यातच टायर बघून घ्या, डेट कोड (टायर कधी बनला त्याचा आकडा) जुना असेल तर आधी टायर, समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात जुन्या टायरचं काय होते ते पेपरात वाचतोच आपण. आणि तसंही तिथं लिमिट १२० ची आहे, त्याला तुमचे १५० घोडे उरून पुरतात ना बाप्पा. बोनसमधलं जे उरेल ते अडीअडचणीच्या खात्यात, ते पाच लाखापर्यंत नेल्याशिवाय टर्बोचं नावही काढू नका.

आणि ६,७४० ची आरडी या महिन्यातच सुरू करा, लोन घेतलं असतं तर हप्ता भरलाच असता ना, मग आताही भरता येईल. दोन महिन्यात आरडी मोडावीशी वाटली तर लोन झेपलं नसतं हे तेव्हाच कळेल, तेही फुकटात.

टर्बो घ्यायचा की नाही हे मी आज सांगत नाही. आधी गॅरेजमधे कम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजून रिंग गेल्यात का ते कळेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि चारही सिलिंडरचे आकडे मला पाठवा. कागदाचा फोटो चालेल. 'मेकॅनिक म्हणाला ठीक आहे' हे चालणार नाही.