लुगर पी-०८ या जुन्या जर्मन पिस्तुलावर "बी. १०. आर. ३. १५." कोरलंय, चेंबरवर १९१३ आहे, कुठल्या पलटणीचं हे कसं शोधायचं?

हे पिस्तूल जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या १० व्या इन्फंट्री रेजिमेंटच्या ३ ऱ्या कंपनीतलं १५ नंबरचं हत्यार आहे. मुठीच्या पुढच्या कडेवरचे असे शिक्के १९०९ च्या जर्मन लष्करी नियमाप्रमाणे वाचायचे, बी म्हणजे बव्हेरिया, मग रेजिमेंट, कंपनी आणि शेवटी हत्याराचा नंबर, सिरीयल नंबरशी त्याचा संबंध नाही. ही रेजिमेंट बव्हेरियातल्या इंगोलश्टाट शहराची, आणि बव्हेरिया निघालं हे तुमचं खरंच नशीब, कारण प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या सैन्याचे बहुतेक कागद एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमच्या बॉम्बहल्ल्यात जळाले पण बव्हेरियाचे म्युनिकच्या युद्ध अभिलेखागारात अजून आहेत, तिथे रेजिमेंटचं नाव देऊन ईमेलने विचारा. सोबत दोन्ही महायुद्धांच्या मधे छापलेले रेजिमेंटचे इतिहास बघा, कुठली लढाई कुठे झाली ते त्यात भरपूर मिळतं. फक्त शिक्क्यावरून सैनिकाचं नाव कळत नाही हे धरून चला, आणि आधी खोदलेली अक्षरं भिंगातून नीट तपासा: जुनी झीज आणि गंज अक्षरांच्या आतही दिसायला हवा, आत धातू चकचकीत असेल तर किंमत वाढवायला कोणीतरी नंतर ठोकलेला शिक्का असू शकतो.