सूत्रसंचालक व्हायचंय म्हणून बी.कॉम. सोडायचं का?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या कार्यक्रमांचं निवेदन छान करते आणि आता शिक्षण सोडून टीव्हीवर सूत्रसंचालक व्हायचं म्हणते. ‘चेहरा जुना झाला की पुढे काय?’ असं तुम्ही विचारलंय. काळजी रास्त आहे. सूत्रसंचालनापासून तिला अडवू मात्र नका. त्याऐवजी अमेरिकेच्या मर्व्ह ग्रिफिन यांची कारकीर्द दोघांनी मिळून नीट पाहा.

ग्रिफिन (१९२५–२००७) मुळात गायक. आधी रेडिओ, मग फ्रेडी मार्टिन यांचा वाद्यवृंद, पुढे स्वतःच्या नावाचा टॉक शो. तो अधूनमधून खंड पडत १९८६पर्यंत चालला. पण त्यांची खरी कमाई कॅमेऱ्यामागची.

१९५०च्या दशकाअखेर तिकडचे क्विझ शो बदनाम झाले होते, कारण निर्माते स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवत. नवा शो काय करावा, या विचारात ग्रिफिन पत्नी जुलॅन यांच्यासोबत विमानात बसले होते. त्या म्हणाल्या, उत्तरंच देऊन टाकू, प्रश्न स्पर्धकांनी सांगायचा. लगेच नमुनाही दिला : ‘५,२८०’. ग्रिफिन म्हणाले, ‘एका मैलात किती फूट?’ त्यातून १९६४मध्ये ‘जेपर्डी’ सुरू झाला, १९७५मध्ये ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ आला. दोन्हींचं सूत्रसंचालन दुसऱ्यांनी केलं, मालकी ग्रिफिन यांच्या कंपनीची. ‘जेपर्डी’त स्पर्धक विचार करताना वाजणारी धूनही त्यांचीच, मूळची मुलासाठी रचलेली अंगाई. तिच्या रॉयल्टीतून त्यांना कोट्यवधी डॉलर मिळाले. १९८६मध्ये त्यांनी कंपनी २५ कोटी डॉलरना विकली.

पुढे हॉटेल आणि कॅसिनोच्या धंद्यात उतरले. १९८८मध्ये ट्रम्प यांच्याकडून ‘रिसॉर्ट्‌स इंटरनॅशनल’ घेतली आणि वर्षभरात ती कर्जाखाली दिवाळखोरीत गेली. एवढा मुरलेला माणूस ताळेबंदापाशी अडला, हे मुलीला जरूर सांगा. म्हणूनच माझं स्पष्ट मत : बी.कॉम. सोडू देऊ नका. या क्षेत्रात बोलणारे पुष्कळ भेटतात. करारातलं हक्कांचं कलम वाचून पैसे कुणाला, किती वर्षं मिळणार हे ओळखणारे फार थोडे. ती दृष्टी तिला अकाउंट्‌स आणि व्यापारी कायद्याच्या पेपरांतून येऊ शकते.

सूत्रसंचालन चालूच ठेवू द्या. समोरच्याचं बोलणं कान देऊन ऐकणं आणि वेळेत आवरतं घेणं मंचावरच शिकता येतं. सोबत तिला खेळाची एखादी कल्पना कागदावर उतरवायला सांगा : नियम, फेऱ्या, गुण कसे द्यायचे, बरोबरी झाली तर काय. नुसत्या कल्पनेला कॉपीराइटचं संरक्षण मिळत नाही, लिहिलेल्या मांडणीला मिळतं. मग तो खेळ कॉलेजात खेळवून पाहायचा. लोक कुठे कंटाळतात ते टिपायचं आणि नियम बदलायचे.

पदवी हाती येईपर्यंत असे दोन-तीन खेळ तयार झाले, तर निर्मितिसंस्थेत उमेदवारीसाठी अर्ज करताना ते सोबत जोडू द्या. आणि पहिला करार आला की सही करण्याआधी वकिलाला दाखवा, मानधन कितीही लहान असलं तरी.