चांदीच्या किटलीतली बोटे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. भांड्यांच्या दुकानदाराला स्वतःचे चित्र हातात तांब्या धरूनच हवे आहे आणि अशी कामे करून हात बिघडेल, ही तुझी भीती वाचली; त्यापायी मुंबईला जावे का, असेही तू विचारतेस. अमेरिकेतल्या जॉन सिंगलटन कॉप्ली या चित्रकारालाही हात बिघडण्याची हीच धास्ती होती, म्हणून आज त्याच्याविषयी लिहितो.

त्याचा जन्म १७३८ चा, बॉस्टनमधला. आई धक्क्यावर तंबाखूचे दुकान चालवी. सावत्र वडील पीटर पेलम मेझोटिंटचे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापायच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचे, ठसे कोरत. ते वारले तेव्हा मुलगा अवघा तेरा वर्षांचा होता. पुढचे शिक्षण बहुतेक विलायती चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या ठशांवरून झाले, त्यामुळे थोरांची मांडणी त्याला कळली, पण त्यांचे रंग दिसले नाहीत. त्याने काढलेल्या श्रीमती बॉवर्स यांच्या चित्रात बसण्याची ढब, पोशाख, मांडीवरचा कुत्रासुद्धा लंडनचा नामवंत चित्रकार रेनल्ड्स याच्या चित्राच्या ठशावरून उचललेला आहे. चेहरा तेवढा बाईंचा. (तुझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या मी विसरलेलो नाही!)

१७६५ मध्ये त्याने धाकटा सावत्र भाऊ हेन्री आणि त्याची पाळीव उडती खार यांचे चित्र काढले, ते कोणाच्या मागणीवरून नव्हे, तर लंडनला पाठवून आपली पारख करून घ्यावी म्हणून. पुढच्या वर्षी ते तिथे प्रदर्शनात लागले. रेनल्ड्सने वाखाणणी केली, पण बॉस्टनमधल्या छोट्या चाकोरीत हात कायमचा रुळण्याआधी युरोपात यावे, असा इशाराही दिला. लंडनमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन चित्रकार बेंजामिन वेस्ट याला रेषा फार ठळक वाटल्या. कॉप्लीने दोन्ही मते मनाला लावून घेतली. आपल्या गावचे लोक चित्रकाराला सुतार, शिंपी, चांभार यांच्याच रांगेत बसवतात, असे त्याने खंतावून लिहिले आहे.

आता १७६८ चे पॉल रिव्हिअरचे चित्र नीट पाहा. हा सोनार अंगात कोट न घालता, सैल सदऱ्याच्या बाह्यांनिशी, एक हात हनुवटीला लावून बसला आहे; दुसऱ्या हातात चांदीची किटली, समोर कोरण्याची हत्यारे. किटलीच्या पोटात त्याच्याच बोटांचे प्रतिबिंब पडले आहे आणि चांदी कुठे संपते, कातडी कुठे सुरू होते, हे त्या ठळक कडांमुळेच कळते. वेस्टला जो दोष वाटला, त्यावरच हे चित्र उभे आहे, असे माझे मत आहे. कारागिराला कारागिरांच्या रांगेतल्या माणसाने रंगवले, म्हणूनही असेल.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. त्याचे सासरे रिचर्ड क्लार्क चहाचे व्यापारी होते. डिसेंबर १७७३ मध्ये इंग्रजांच्या कराच्या निषेधार्थ बॉस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला गेला, त्यात त्यांच्याकडे विक्रीसाठी आलेला मालही होता. त्याआधी कॉप्लीने व्यापारी आणि निषेध करणारे यांच्यात मध्यस्थी करून पाहिली, पण ती फळली नाही. १७७४ मध्ये त्याने बॉस्टन सोडले आणि १८१५ मध्ये लंडनलाच देह ठेवला. तिथे १७७८ मध्ये समुद्रात शार्कने हल्ला केलेल्या वॉटसन नावाच्या मुलाच्या चित्राने त्याचे नाव गाजले; त्या चित्रातली धडपड बॉस्टनमध्ये बसून त्याला साधली नसती, हे मी मान्य करतो. पण त्याची लंडनमधली व्यक्तिचित्रे मला गुळगुळीत वाटतात.

तेव्हा मुंबईला जायचे की नाही, हे तू ठरव. दुकानदाराचे काम मात्र अर्धवट टाकू नकोस. पुढच्या खेपेस ते चित्र घेऊन ये. तू पाठवलेल्या छायाचित्रात तांब्या चकाकतो आहे, पण त्यात त्याची बोटे कुठेच दिसत नाहीत.

कळावे, लोभ असावा.