रक्त पडतंय तर आधी तपासणी, भाजीचं नंतर बघू

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि चूल बंद करून आधी लिहायला बसले. वडील 58 वर्षांचे, तीन महिन्यांपासून शौचातून अधूनमधून रक्त, गावातले म्हणतात उष्णता नाहीतर मूळव्याध, आणि तुम्ही विचारताय की कोणती भाजी-फळं दिली तर आतड्याचा कॅन्सर टळेल. आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वेळी मीही हेच विचारत फिरत होते. मी डॉक्टर नाही, परभणीकडची शाळेतली बाई आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

अण्णा माळकरी. मटण नाही, दारू नाही, तंबाखूची पुडी कधी खिशात नाही. ज्वारीची भाकरी, हिवाळ्यात करडईची नाहीतर हरभऱ्याची भाजी, पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी. असल्या माणसाला कॅन्सर कुठून होणार, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. ह्या एका समजुतीत चौदा महिने गेले.

तालुक्याच्या एका दवाखान्यात (नाव नको) 'मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज' असा बोर्ड होता. तिथं अण्णांना एकदाही टेबलावर झोपवून तपासलं नाही. मलम, गोळ्या, आणि 'पालेभाजी वाढवा, रात्री इसबगोल घ्या.' आम्ही इमानदारीनं वाढवली. भिजवलेलं अंजीर, दुधीचा रस, बीट. बीटानं शौचाला लाल रंग येतो, म्हणून लाल दिसलं तरी कुणी दचकेना. पुढं हिमोग्लोबिन 7 वर आलं, तर त्याच दवाखान्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी शौच काळी होते, म्हणजे तेही कारण तयारच. एवढं रक्त जातंय कुठं, हा प्रश्न ना त्यांनी विचारला ना मी. शिकलेली असून!

शेवटी पोट फुगलं, वारा सरेना, तेव्हा संभाजीनगरला नेलं. गाठीनं आतड्याची वाट जवळपास बंद केली होती. सर्जन म्हणाले, वाट अशी अरुंद झाली की इसबगोल आणि जास्तीचा चोथा (फायबर) उलट तिथं अडकू शकतो. रोज रात्री तो पेला मीच ढवळून देत होते. ऑपरेशननंतर अण्णा दोन वर्षं होते.

आता तुमच्या प्रश्नाचं. भाजी-फळं खावीतच, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 400 ग्रॅम सांगते. आतड्याच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर नुसत्या भाजी-फळांपेक्षा अख्ख्या धान्याचा आणि चोथ्याचा पुरावा जास्त भक्कम आहे, आणि शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा असतो. म्हणजे भाकरी सोडून मैद्याच्या बिस्किटावर दिवस काढू नका. मार्च-एप्रिलात टँकरच्या पाण्यावर गाव चालतं तेव्हा 400 ग्रॅम ताजी भाजी कुठून आणायची, हे मला कुणी सांगावं. आम्ही मोड आलेली मटकी आणि वाळवलेल्या गवारीवर भागवतो. रस काढून पिण्याला माझा तरी विरोध आहे, चोथा फेकून द्यायचा आणि साखर प्यायची.

पण दादा, हे सगळं धोका थोडा कमी करतं, आत झालेली गाठ विरघळवत नाही. बहुतेक कॅन्सर आतड्यातल्या बारीक कोंबापासून (पॉलिप म्हणतात त्याला) वर्षानुवर्षं वाढत होतो, आणि तो कोंब कोलोनोस्कोपीत, म्हणजे शौचाच्या वाटेनं दुर्बीण घालून आतडं बघतात त्या तपासणीत, दिसला की तिथंच काढता येतो. मूळव्याध असेलही, देव करो आणि तेवढीच निघो, पण ते दुर्बिणीनं ठरू द्या. कुणी न तपासता नुसतं वय विचारून औषधाची चिठ्ठी लिहायला लागला तर उठा आणि दुसरीकडं जा. वडिलांना कॅन्सर निघालाच, तर मुलांचीही तपासणी साधारण चाळिशीपासून सुरू करतात. मी 41 व्या वर्षी केली, एक कोंब निघाला.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध त्रासदायक असतं, एका दमात पाजू नका, थोडं थोडं द्या. पेरू, टोमॅटो, सीताफळ असं बियांचं काही आधीचे चार-पाच दिवस बंद. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, त्या काही दिवस थांबवतात. आणि हिमोग्लोबिन केलंय का त्यांचं? पोस्टमध्ये ते दिसलं नाही.