लिनक्स टाकलं तर गेम चालतील का?

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घरचा पीसी २०१७ चा. आय-५ ७४००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. विंडोज ११ त्यावर चढत नाही. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, बोर्ड-प्रोसेसर नवं घ्या. मुलगा म्हणून राहिला, लिनक्स टाकू, फुकट आहे, गेमही चालतात. याच पीसीवर मी दोन दुकानांचं टॅली करते. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, सातव्या पिढीचा तुमचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, इथपर्यंत दुकानदार बरोबर आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही खरं. पण म्हणून चालता पीसी भंगारात जात नाही.

मुलगाही खोटं बोलत नाही. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी पीसी चालवणारी दुसरी, फुकट सिस्टिम. फक्त त्याला विचारा, कोणते गेम? कागदावर नावं लिहून मागा. सगळा निकाल त्या कागदावर आहे.

कारण असं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालवायचं काम ते करतं. गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत कार्डाशी बोलतो, प्रोटॉन ते व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत फिरवून देतं. त्यांचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, स्टीम डेकही २०२२ पासून याच जोरावर चालतं. त्यामुळे विचर ३, रेड डेड रिडेम्पशन २ किंवा जीटीए ५ ची स्टोरी अशा एकट्याने खेळायच्या गेमची मला काळजी नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्ससाठीही निघतात.

घोडं अडतं ते मित्रांसोबत ऑनलाइन खेळायच्या गेमपाशी. चोरी पकडणारं अँटी-चीट विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं, आणि लिनक्सवर ते चालू द्यायचं की नाही हे गेमची कंपनी ठरवते. व्हॅलोरंट नाही चालत. फोर्टनाइट नाही. कॉल ऑफ ड्यूटीचे नवे गेम नाहीत. एपेक्स लेजंड्स चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीनेच लिनक्सवर बंद केला. जीटीए ऑनलाइनचंही त्याच वर्षी तेच झालं. यावर यूट्यूबवरचा कोणताही जुगाड करू देऊ नका, खातं बॅन होऊ शकतं. यादीतल्या प्रत्येक नावापुढे प्रोटॉनडीबी या साइटवरचा (तिथे कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो ते खेळणारेच लिहितात) शेरा त्यालाच लिहायला लावा. (मित्राच्या हार्डडिस्कवरून आलेल्या क्रॅक गेमबद्दल मला विचारू नये, मी उत्तर देत नाही.)

कागदावर व्हॅलोरंट सगळ्यात वर असेल तर विषय तिथेच मिटला, लिनक्स त्याच्या कामाचं नाही. नसेल, तर माझं मत मुलाच्या बाजूने. बोर्ड-प्रोसेसरच्या पैशांत न पडता लिनक्ससाठी एक वेगळी एसएसडी घ्या, जमलं तर रॅम १६ जीबी करा. लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवायची, म्हणजे चुकून तीच फॉरमॅट होण्याची भीती नाही. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, सुरुवातीला लिनक्स मिंट बरं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्यावा, कंपनीच्या साइटवरून उतरवू नये. गेम नव्या एसएसडीवर नव्याने डाउनलोड करावेत. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचे तसेच चालवायला गेलं की प्रोटॉन कुरकुरतं, आणि मुलं नेमकं तेच करतात.

वेगाचं म्हणाल तर जुन्या गेममध्ये फरक जाणवणार नाही. डायरेक्टएक्स १२ वाल्या नव्या गेममध्ये एनव्हिडिया कार्डावर थोडा मार बसतो, आणि १०५० टीआय ते गेम विंडोजवरही रडतरखडतच चालवतं. मे महिन्यात कूलरच्या खोलीत पीसी असेल तर कॅबिनेट उघडून धूळ काढा. तापलेलं कार्ड कुठल्याही सिस्टिमवर मंदच चालतं.

तुमचं टॅली विंडोजवरच राहू द्या, लिनक्सवर त्याची ओढाताण नको. त्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदवून घ्या, पुढचं तेव्हा बघू. मुलाच्या हाती स्क्रूड्रायव्हर देण्याआधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. आणि जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात त्याला पीसीला हात लावू देऊ नका.