नाशिकमध्ये जपानी आर्केड मशीन घरी आणले, तर त्याची दुरुस्ती कोण करणार?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: सेगा कंपनीच्या ॲस्ट्रो सिटीसारखे जपानी आर्केड मशीन, म्हणजे नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेमचे मशीन, नाशिकला घरी आणायला किती खर्च येईल, ते आपल्या विजेवर चालेल का, आणि ‘नाशकात ते बिघडले तर त्याला हात लावणारा कोणी मिळणार नाही’ असे मुंबईचे जाणकार सांगतात ते कितपत खरे आहे. पहिल्या दोन प्रश्नांकडे मी पुढे येतो. लिहायला बसलो आहे तो तिसऱ्यासाठी, कारण हेच वाक्य माझा मुंबईचा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, मला कित्येक वर्षे ऐकवत आला आहे, आणि ते साफ चुकीचे आहे.

माझ्याकडे इंदिरानगरच्या घरी ॲस्ट्रो सिटी आहे. सेगाने हे मशीन 1993 साली काढले. माझ्या मशीनमध्ये नानाओ कंपनीचा 29 इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर आहे. ही कंपनी आज आयझो या नावाने ओळखली जाते. एका पावसाळ्याच्या अखेरीस मशीन सुरू असताना सगळे चित्र मिटले आणि पडद्याच्या मध्यावर एकच आडवी, डोळे दिपवणारी पांढरी रेघ उरली. खेळाचा आवाज नीट येत होता, म्हणजे खेळ चालवणारा बोर्ड आणि पॉवर सप्लाय शाबूत होते. अशी रेघ दिसली की मशीन त्याच क्षणी बंद करावे, कारण सगळे इलेक्ट्रॉन एकाच जागी आदळत राहिले तर ट्यूबवरचा फॉस्फर तेथे कायमचा जळतो. मी ते बंद केले आणि दादाला फोन केला, कारण या छंदात तो माझ्या आधीपासून आहे. दादा म्हणाला, “मी सांगत होतो ना? तिथे याला कोण हात लावणार? ट्यूब भंगारात दे, एलसीडी बसव आणि आत एक छोटा कॉम्प्युटर ठेव. खेळ तेच राहतात, फरक कोणाला कळतोय?”

मोठ्या दुकानांनी मॉनिटरच्या चॅसीवरची, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटच्या पाटीवरची, जपानी अक्षरे पाहून काम नाकारले, हे मी लपवत नाही. त्या दुकानांत आता पॅनेल बदलण्यापलीकडे काही होत नाही. पण भद्रकालीतील एका गल्लीत टीव्ही दुरुस्तीचे जुने दुकान आहे आणि ते चालवणाऱ्या काकांनी आयुष्यभर ओनिडा आणि व्हिडिओकॉनचे ट्यूबवाले संच दुरुस्त केले आहेत. मी त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी मागचे झाकण काढून काही वेळ नुसते पाहिले आणि विचारले, “हा रंगीत टीव्हीच आहे ना, फक्त ट्यूनर नसलेला?” दादाला जे इतक्या वर्षांत मान्य झाले नाही, ते काकांनी एका प्रश्नात सांगून टाकले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी जवळ बसून पाहिले. प्लग काढला. स्क्रूड्रायव्हरला बांधलेल्या वायरचे दुसरे टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या अर्थच्या वेणीला लावले आणि मगच रबरी टोपीखाली टोक सरकवून ट्यूबमध्ये साठलेला दाब उतरवला. मशीन सुरू असताना तेथे 20,000 व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो रेंगाळतो. चॅसी बाहेर काढून त्यांनी भिंगाखाली व्हर्टिकल आयसीचे, म्हणजे चित्र उभ्या दिशेने पसरवणाऱ्या चिपचे, पाय पाहिले, तर दोन पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर पडलेली होती. आयसी तापून थंड होण्याने हे घडते. टीव्ही दुरुस्तीत याला ड्राय सोल्डर म्हणतात आणि जुन्या मेकॅनिकला ते सवयीचे असते. त्यांनी ते पाय नव्याने सोल्डर केले, त्या भागातील सुकलेले कंडेन्सर काढून 105 अंश तापमान सोसणारे नवे बसवले, आणि ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला उच्च दाब देणाऱ्या भागाच्या, आसपासची सांधणीही पक्की करून दिली. सायंकाळी बोर्डाच्या टेस्ट मेनूमधील चौकटींची जाळी पडद्यावर आणून त्यांनी चित्राची उंची आणि सरळपणा जुळवला. सर्किट डायग्रॅम त्यांनी मागितलाही नाही.

यात नशिबाचा भाग नव्हता. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीत दर सेकंदाला 15,625 आडव्या रेघा काढल्या जातात. नव्वदच्या दशकातील बहुतेक जपानी आर्केड बोर्ड साधारण 15.7 किलोहर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ तितक्याच वेगाचा संकेत देतात. म्हणून त्या मॉनिटरचे डिफ्लेक्शन (किरण पडद्यावर फिरवणारे सर्किट), ईएचटी आणि योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) ही सगळी भारतीय टीव्ही मेकॅनिकच्या ओळखीची मंडळी आहेत. दुसरे असे की नव्वदच्या दशकात नाशिकच्या गल्लोगल्ली व्हिडिओ गेम पार्लर होती आणि कॅपकॉमचा 1993 चा तो खेळ, ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, रुपयाच्या नाण्यावर दिवसभर चालत असे. सनमायका लावलेल्या त्या लाकडी खोक्यांमधल्या ट्यूब दुरुस्त करायला मुंबईहून माणूस येत नव्हता. जे हात तेव्हा होते ते आजही शहरात आहेत. मुंबईच्या जाणकारांनी त्यांना विचारलेले नाही, एवढेच.

आता विजेबद्दल. जपानी मशीन 100 व्होल्टवर चालते, आपल्याकडे 230 असतात. बाजारात सहज मिळणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अमेरिकी वस्तूंसाठी 110 व्होल्टचा असतो. तो घेऊ नये. त्यातही स्वस्त ते ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, ज्यांत एकच वाइंडिंग असते आणि तिचा खालचा भाग तुटला तर 230 व्होल्ट थेट मशीनवर येतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मागणीप्रमाणे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून दोन स्वतंत्र वाइंडिंगचा, 230 चे नेमके 100 करणारा करून घ्यावा. माझा 500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा आहे, कारण सुरू होताना डिगॉसिंग कॉइल, म्हणजे ट्यूबचे चुंबकत्व घालवणारी कॉइल, क्षणभर बराच प्रवाह ओढते. ट्रान्सफॉर्मर केवळ प्रमाण राखतो: घरात 250 व्होल्ट आले तर मशीनला जवळजवळ 109 मिळतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या आधी चांगला स्टॅबिलायझर हवाच. जपानी प्लगला दोनच पाती असतात आणि अर्थची हिरवी वायर वेगळी लोंबत असते; ती अनेकजण कापून टाकतात. ती आपल्या तीन पिनांच्या अर्थला जोडलीच पाहिजे, कारण ज्यावर मुलांचे हात असतात ते कंट्रोल पॅनेल धातूचे असते.

बोर्ड मशीनला जोडायची जामा ही 56 टोकांची प्रमाण जोडणी आपणास ठाऊक असेल असे धरतो. 1985 सालच्या त्या मानकामुळे बोर्ड बदलणे सोपे झाले आहे. सांगायचे ते एवढेच की बोर्डाला लागणारे 5 व्होल्ट पॉवर सप्लायवर न मोजता बोर्डाच्या टोकाशी, खेळ चालू असताना मोजावेत. लांब वायरीत थोडे गळतात आणि मग बोर्ड अकारण रीसेट होत राहतो. कॅपकॉमचा सीपीएस-2 हा बोर्ड घेणार असाल तर आतली 3.6 व्होल्टची बॅटरी पाहा. खेळाचे सांकेतिक कोड तिच्या जोरावर टिकतात आणि ती संपली की बोर्ड मुका होतो. हौशी अभ्यासकांनी 2016 साली हे कोड पुन्हा भरण्याची रीत शोधून काढली, त्यामुळे असा बोर्ड आता कायमचा वाया जात नाही, तरी ते काम उगाच ओढवून घेऊ नये.

दादाच्या ‘फरक कोणाला कळतोय’ या प्रश्नाचे उत्तरही येथेच देतो, कारण एलसीडी बसवण्याचा सल्ला आपणासही मिळेल. सीपीएस-2 चे चित्र 384 बाय 224 ठिपक्यांचे असते आणि ते 4:3 च्या पडद्यावर ताणून बसवण्यासाठी रेखाटलेले असते; ट्यूबवर ते आपोआप योग्य दिसते, तर एलसीडीवर ठिपके असमान मोठे करावे लागतात. इरेम कंपनीचा 1987 चा आर-टाइप हा विमान चालवत गोळीबार करण्याचा खेळ सेकंदाला 60 नव्हे तर 55 वेळा चित्र काढतो. ट्यूब त्या गतीला स्वतः जुळवून घेते. 60 वर अडकलेल्या एलसीडीवर तेच विमान अडखळत सरकते. ट्यूबवर संकेत येईल तशी रेघ उमटते, मधे साठवण नसते; म्हणून बटण दाबणे आणि ठोसा बसणे यांत जो तत्काळपणा असतो, तो खेळणाऱ्याच्या हाताला कळतो. दादाच्या घरी मी त्याच्या एलसीडीवर खेळलो आहे. फरक मला कळला, त्याच्या मुलीलाही कळला. ट्यूब काढून टाकलेली ॲस्ट्रो सिटी मी ॲस्ट्रो सिटी मानत नाही.

खर्चाचे गणित मशीनच्या किमतीपेक्षा आकारमानावर आणि वजनावर ठरते. मशीन शंभर किलोच्या घरात जाते, सामायिक कंटेनरमध्ये समुद्रमार्गे भाडे घनमीटरवर लागते, आणि लाकडी खोक्यावर कीडनिवारण प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर बंदरातच अडवणूक होते. न्हावा शेवाला उतरवणे, सीमाशुल्क, क्लिअरिंग एजंटचे शुल्क आणि कसारा घाटातून वर येणारा टेम्पो, हे सगळे धरून बजेट करावे. जपानमधील लिलावांवर बोली लावण्यापूर्वी एजंटाशी बोलणे अत्यावश्यक आहे, कारण भांडवली यंत्रसामग्री वगळता अन्य वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला आपल्याकडे परवाना लागतो, आणि आपले मशीन कोणत्या वर्गात बसते हे पैसे भरण्याआधी ठरले पाहिजे. भारतात आधीच आलेले मशीन मिळत असेल तर थोडे जास्त देऊनही तेच घ्यावे.

मशीन निवडताना ट्यूबचा फोटो मागा: पूर्ण पांढऱ्या पडद्याचा, आणि बंद पडद्याचाही, म्हणजे जळलेल्या अक्षरांचे डाग दिसतील. बाकी सगळे, म्हणजे सान्वा कंपनीची बटणे, जॉयस्टिक, पॉवर सप्लाय, नवे मिळते. 29 इंची चांगली ट्यूब मिळत नाही. सेगाच्या नाओमीसारखे 1998 नंतरचे बोर्ड खेळायचे असतील तर 31 किलोहर्ट्झ घेणाऱ्या मॉनिटरचे, सेगाच्या 1996 च्या ब्लास्ट सिटीसारखे मशीन पाहावे. हवेच्या बाबतीत नाशिक मुंबईपेक्षा उजवे आहे, कारण येथे खाऱ्या हवेने चॅसी गंजत नाही. मात्र मागच्या जाळीतून पाली आत शिरतात आणि उच्च दाबाच्या भागाशी चिकटून शॉर्ट करतात. तेथे बारीक जाळी लावून घ्यावी.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. ट्यूबचे काम स्वतः शिकण्याचा मोह टाळावा, मशीन चालू असताना तर आत कधीही हात घालू नये, आणि घरात लहान मुले असतील तर मागच्या दाराची किल्ली काढून ठेवावी. जिना अरुंद असेल किंवा घर भाड्याचे असेल तर दादाच्या मार्गात काही गैर नाही, हेही मी मान्य करतो. माझा आक्षेप ट्यूब फेकण्याला आहे. अशा घरासाठी मी वेगळे सुचवेन: सुपरगन, म्हणजे आर्केड बोर्ड साध्या टीव्हीला जोडणारे साधन, घ्या आणि एखाद्या जुन्या 21 इंची टीव्हीला मेकॅनिककडून आरजीबीची, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा संकेत वेगवेगळा घेणारी, जोडणी करून घ्या. भारतीय टीव्हीला ती बाहेरून दिलेली नसते, पण पडद्यावर चॅनेलचा आकडा दाखवणाऱ्या सर्किटमधून ती बहुतेक संचांत देता येते. काकांनी शेजारच्या मुलाला ती अशीच करून दिली आहे.

काकांच्या पिढीचे मेकॅनिक आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या दुकानांत शिकाऊ मुले मोबाइलच्या कामाकडे वळली आहेत. म्हणून मशीन घरी आले की ते चालते म्हणून तसेच ठेवू नका. पहिल्याच महिन्यात चॅसी त्यांच्या टेबलावर न्या, सगळे कंडेन्सर बदलून घ्या, सांधे तपासून घ्या, आणि त्यांनी सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या.