जुन्या नोटा जमवतोस? आधी इस्त्री लांब ठेव

आजोबांच्या पेटीत ३० एस्कुदोंची नोट सापडली म्हणतोस, झकास! पोर्तुगीज गोव्यात १९५९ साली रुपिया हे चलन जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. त्यातली ही सगळ्यात छोटी नोट. तिला पाणी, खोडरबर काही लावू नकोस. मी नवशिका असताना एक रुपयाची नोट इस्त्रीखाली सपाट केली. घडीची रेघ राहिलीच, कागदाची करकर मात्र गेली.

जुनी म्हणजे महाग, असं नसतं बाबा. नोटेची अवस्था बघावी लागते. उजेडात तिरकी धर:
- घड्या मोज
- टाचणीची भोकं बघ

नोटा ठेवायला पीव्हीसी प्लास्टिकचे अल्बम नकोत.

सुरुवात भारतीय एक रुपयापासून कर. ती सरकारची नोट, सही वित्त सचिवाची, सह्यांप्रमाणे लाव. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी 'दुर्मिळ' म्हणालं, तर हसून पुढे हो.